स्पार्कमध्ये थ्रेड किती द्यायचे? गणित कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं

स्पार्क म्हणजे मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून हिशोब करणारं सॉफ्टवेअर. त्यावर जॉब रेंगाळला की पहिला हात जातो शफल पार्टिशनच्या (मशीनमशीनमध्ये फेरवाटणी होताना डेटाचे किती तुकडे करायचे त्या) आकड्याकडे. २०० चे २००० होतात. तेवढ्यानं भागलं नाही की कुणीतरी एक्झिक्युटरला (मशीनवर काम करणाऱ्या स्पार्कच्या प्रक्रियेला) १६ कोअर देऊन बघतं. शेवटी ‘आपलं मशीनच कमी पडतंय’ असा निकाल लागतो आणि खरेदीचा अर्ज टाइप व्हायला लागतो. राजेहो, पार्टिशन वाढवल्यानं प्रोसेसर वाढत नाहीत.

एका मशीनवर प्रत्यक्षात किती थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) पळणार हे चार आकड्यांवर ठरतं: मशीनवरचे एक्झिक्युटर, एका एक्झिक्युटरचे कोअर, एका टास्कला (डेटाच्या एका तुकड्यावरच्या कामाला) दिलेले कोअर आणि टास्कच्या आतल्या लायब्ररीनं स्वतःहून उघडलेले थ्रेड. यातला एक जरी नजरेतून सुटला तर बाकीचं गणित कोलमडतं. पार्टिशनचा नंबर या चौघांनंतर लागतो. बहुतेक लोक नेमके उलट्या टोकानं सुरू करतात, म्हणून हा लेख क्रमानं वाचा.

लिपीबद्दल एक सूचना. सेटिंगची नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीतच टाकायची, आणि स्पेलिंग नीट बघून टाकायची. स्पार्कला अनोळखी सेटिंग दिलं तर तो कुरकुर करत नाही, गपचूप दुर्लक्ष करतो.

उदाहरण कोणतं

समजा नागपुरातल्या ४ लाख वीजग्राहकांच्या स्मार्ट मीटरची दर १५ मिनिटांची नोंद आपल्याकडे येते. एका ग्राहकाच्या दिवसाला ९६ नोंदी, म्हणजे सगळ्यांच्या मिळून ३.८४ कोटी आणि महिन्याच्या ११५ कोटींच्या वर. त्यावरून फीडरनिहाय आणि ग्राहकनिहाय वापर काढायचा आहे. क्लस्टर (जोडलेली मशीनं) यार्नवर, म्हणजे कोअर आणि मेमरी वाटून देणाऱ्या व्यवस्थापकावर आहे, मशीन ३, प्रत्येकात १६ कोअर आणि ६४ जीबी रॅम. पुढचे सगळे आकडे याच मांडणीचे. तुमचे वेगळे असतील, पायऱ्या याच राहतील.

## तयारी: हात लावण्याआधी एकदा मोजून ठेवा

आहे त्या सेटिंगवर जॉब एकदा पूर्ण चालवा. एकूण वेळ, सगळ्यात लांब स्टेज (जॉबचा एक टप्पा), त्या स्टेजमधल्या टास्कचा मध्यक वेळ आणि कमाल वेळ, जीसीचा (न लागणारी मेमरी साफ करण्याचा) वेळ आणि डिस्कवर झालेला स्पिल (मेमरीत न मावलेला डेटा) लिहून ठेवा. स्पार्कचा यूआय (जॉबची प्रगती दाखवणारं वेबपान) जॉब चालू असताना दिसतो, पण जॉब संपला की तोही जातो. म्हणून स्पार्क.इव्हेंटलॉग.एनेबल्ड आधी चालू करा, म्हणजे हिस्ट्री सर्व्हरवर नंतर निवांत बघता येईल. हे केलं नाही तर पुढचे सगळे बदल अंदाजपंचे होतात.

मग प्रत्येक मशीनवर एलएसपीसीयू ही आज्ञा चालवा. ‘सीपीयू’ समोर ३२ दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. खाली ‘थ्रेड पर कोअर’ समोर २ असेल तर खरे कोअर १६ च आहेत, बाकीचे हायपरथ्रेडिंगचे. जॉब गणिती असेल, म्हणजे पार्सिंग, कॉम्प्रेशन, मॉडेल वगैरे, तर खरे कोअर धरून चाला. बराच वेळ नेटवर्क किंवा डिस्कची वाट बघण्यात जात असेल तर दिसणारा आकडा धरायला हरकत नाही.

सावध: हे खास आपल्या गावासाठी. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. कॉलेजच्या लॅबमधले किंवा छोट्या ऑफिसातले डेस्कटॉप जोडून क्लस्टर केलं असेल, तर दुपारी प्रोसेसर तापून स्वतःच आपला वेग उतरवतो. सकाळी ७ ला जुनं सेटिंग आणि दुपारी ३ ला नवं सेटिंग अशी तुलना केली तर नवं सेटिंग हरणारच, त्यात त्याचा दोष नाही. दोन्ही मोजमापं एकाच वेळेला घ्या, जमलं तर रात्री. आणि कूलरचा झोत थेट मशीनवर सोडू नका. ती हवा दमट असते, शिवाय धूळ घेऊन येते.

## पायरी १: सगळे कोअर वाटून टाकू नका

ऑपरेटिंग सिस्टिम, नोडमॅनेजर (यार्नचा त्या मशीनवरचा प्रतिनिधी) आणि त्याच मशीनवर एचडीएफएस (अनेक मशीनवर पसरलेली फाइल सिस्टिम) असेल तर तिचा डेटानोड, यांनाही श्वास घ्यायला जागा लागते. आपल्या उदाहरणात प्रत्येक मशीनवर १ कोअर आणि ८ जीबी बाजूला ठेवू. उरले १५ कोअर आणि ५६ जीबी. यार्नच्या नोडमॅनेजर सेटिंगमध्ये हेच आकडे टाका: व्हीकोअर (यार्नच्या हिशोबातले कोअर) १५, मेमरी ५७३४४ एमबी. हे आकडे स्वतः टाकले नसतील तर यार्न मूळचे ८ व्हीकोअर आणि ८१९२ एमबी धरून बसतो. मग ६४ जीबीचं मशीन ८ जीबीसारखं वागतं आणि शिव्या स्पार्कला बसतात.

तपासा: रिसोर्स मॅनेजरच्या पानावर, म्हणजे ८०८८ पोर्टवर, तीन मशीनचे मिळून ४५ व्हीकोअर आणि १६८ जीबी दिसले पाहिजेत. हे जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

## पायरी २: एक्झिक्युटर किती जाडीचा?

एक्झिक्युटर म्हणजे एक जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारी) प्रक्रिया, आणि तिच्यात चालणारा प्रत्येक टास्क म्हणजे एक थ्रेड. स्पार्क.एक्झिक्युटर.कोअर्स ५ दिलं की त्या जेव्हीएममध्ये एका वेळी ५ टास्क पळतात. इथं लोक दोन्ही टोकांना जातात.

१५ कोअरचा एकच जाडजूड एक्झिक्युटर ठेवला तर हीपही (जेव्हीएमची कामाची मेमरी) तेवढाच मोठा लागतो. कचरा गोळा करताना जेव्हीएम थांबली की सगळे पंधरा टास्क एकदम थबकतात. त्यात हीप ३२ जीबीच्या पुढे गेला की जेव्हीएमला लहान पॉइंटर वापरता येत नाहीत, त्यामुळे त्याच डेटाला जास्त मेमरी लागते. उलट १ कोअरचे पंधरा एक्झिक्युटर ठेवले तर प्रत्येकाचा जेव्हीएमचा खर्च वेगळा, आणि ब्रॉडकास्ट केलेल्या (सगळ्या एक्झिक्युटरना पूर्ण पाठवलेल्या) टेबलची प्रतही प्रत्येकात वेगळी. ३०० एमबीचं ग्राहक मास्टर टेबल एका मशीनवर पंधरा वेळा कशाला साठवायचं?

मधला ४–५ कोअरचा आकडा वापरातूनच रुळला आहे, कारण एचडीएफएसवर वाचता-लिहिताना एका जेव्हीएममधून त्याहून जास्त थ्रेड सोडले की फायदा घटत जातो. तो काही शिलालेख नाही. पण सुरुवात तिथून करा. १५ ला ५ नं पूर्ण भाग जातो: मशीनमागे ३ एक्झिक्युटर, एकूण ९.

एकूण ९, पण मागायचे ८. क्लस्टर मोडमध्ये ड्रायव्हरही (जॉबचं नियोजन करणारी प्रक्रिया) याच मशीनांपैकी एकावर बसतो. तो आधी बसतो, त्यामुळे त्या मशीनवर पाच कोअरचे दोनच एक्झिक्युटर मावतात. ९ मागितले तर नववा कधी येतच नाही आणि लोक त्याची वाट बघत राहतात. म्हणजे एका वेळी पळणारे टास्क ८ × ५ = ४०. हा ४० चा आकडा लक्षात ठेवा, पाचव्या पायरीत लागेल.

सावध: यार्नवर एक्झिक्युटरचे कोअर दिले नाहीत तर १ धरला जातो. स्टँडअलोन क्लस्टरवर नेमकं उलट: वर्करचे सगळे कोअर एकच एक्झिक्युटर घेतो, आणि स्पार्क.कोअर्स.मॅक्स ठरवलेलं नसेल तर एकच अॅप्लिकेशन अख्खं क्लस्टर अडवून बसतं. लॅबमध्ये एका विद्यार्थ्याची नोटबुक उघडी राहिली आणि बाकीच्यांना ‘रिसोर्स मिळाले नाहीत’ असा इशारा पुन्हा पुन्हा दिसत राहिला, तर कारण बहुधा हेच.

तपासा: जॉब चालू असताना रिसोर्स मॅनेजरवर प्रत्येक कंटेनरसमोर (यार्ननं एका एक्झिक्युटरला दिलेल्या जागेसमोर) १ च व्हीकोअर दिसतोय का? कपॅसिटी शेड्युलरचा मूळ कॅल्क्युलेटर फक्त मेमरी मोजतो, कोअर मोजतच नाही. स्पार्क पाच थ्रेड चालवतो, यार्नच्या वहीत मात्र एकाचीच नोंद. दुसरा जॉब आला की यार्न त्याच कोअरवर त्यालाही बसवतो. डॉमिनंट रिसोर्स कॅल्क्युलेटर लावा.

## पायरी ३: कोअर ठरले, आता मेमरी

५६ जीबी ÷ ३ म्हणजे एक्झिक्युटरमागे साधारण १८.६ जीबी. हे सगळं हीपला देता येत नाही. हीपच्या बाहेरचा वाटा, म्हणजे मेमरीओव्हरहेड, स्पार्क हीपच्या १० टक्के धरतो, किमान ३८४ एमबी. हीप १६ जीबी ठेवला तर १६ + १.६ = १७.६. यार्न मूळ सेटिंगला १०२४ एमबीच्या पटीत वर ओढतो, म्हणून १८. मशीनमागे तिघांचे ५४ जीबी. मावतात.

पायथॉनमध्ये यूडीएफ (स्वतःची फंक्शन) लिहिले असतील तर हे गणित बदलतं. प्रत्येक चालू टास्कमागे एक वेगळी पायथॉन प्रक्रिया उभी राहते आणि ती हीपच्या बाहेर जगते. पाच टास्क म्हणजे पाच पायथॉन. १.६ जीबीत त्या गुदमरतात आणि यार्न अख्खा कंटेनर मारतो. अशा वेळी हीप १४ जीबी आणि ओव्हरहेड ४ जीबी अशी विभागणी करा. बेरीज तीच १८ राहते. कंटेनर मारला गेल्याचा संदेश वाचून हीप वाढवणं ही इथली नेहमीची चूक. हीप वाढला की पायथॉनची जागा आणखी आक्रसते.

एका टास्कच्या वाट्याला काय येतं तेही बघा. १६ जीबीतून राखीव ३०० एमबी वजा करा आणि उरलेल्याचे ६० टक्के घ्या: साधारण ९.४ जीबी. पाच टास्कमध्ये मिळून प्रत्येकी १.९ जीबीच्या आसपास, तेही कॅश काही केलं नसेल तर. कोअर ५ चे १० केले आणि हीप तोच ठेवला तर हा वाटा निम्मा होतो. कोअर वाढवल्यावर जॉब उलट हळू झाला, स्पिल वाढला, ही तक्रार इथून येते.

## पायरी ४: टास्कच्या आत कोण थ्रेड उघडतंय?

सगळ्यात जास्त वेळ खाणारी आणि सगळ्यात कमी तपासली जाणारी जागा ही. स्पार्क समजतो की एक टास्क म्हणजे एक कोअर, कारण स्पार्क.टास्क.सीपीयूज मूळचं १ असतं. पण यूडीएफमधल्या नमपायला (पायथॉनच्या गणिती लायब्ररीला) हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याच्या खालची ओपनब्लास किंवा एमकेएल लायब्ररी मशीनवर १६ कोअर बघते आणि १६ थ्रेड उघडते. आता गुणाकार करा: ३ एक्झिक्युटर × ५ टास्क × १६ थ्रेड = २४० थ्रेड, आणि खाली कोअर १६. चार शेगड्यांपुढे साठ आचारी उभे केले तर तर्री-पोहे लवकर होत नाहीत, नुसती ढकलाढकली होते. ‘टॉप’मध्ये सीपीयू शंभर टक्के दिसतो, लोड अॅव्हरेज दोनशेच्या घरात जातो आणि काम मात्र पुढे सरकत नाही.

क्रम असा ठेवा:

१. आधी लायब्ररीचे थ्रेड १ वर आणा. ओएमपी_नम_थ्रेड्स, ओपनब्लास_नम_थ्रेड्स आणि एमकेएल_नम_थ्रेड्स हे तिन्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल स्पार्क.एक्झिक्युटरएन्व्ह या उपसर्गानं द्या. नव्या आवृत्त्या पहिलं स्वतःहून ठरवतात, पण स्वतः लिहिलेलं बरं.

२. नोटबुकच्या पहिल्या सेलमध्ये ओएस.एन्व्हायर्न वापरून हे करू नका. तो बदल ड्रायव्हरपुरता असतो, एक्झिक्युटरपर्यंत पोचत नाही. ही चूक इतकी सर्रास दिसते की आधी तीच शोधा.

३. लायब्ररीला खरोखरच जास्त थ्रेड हवे असतील, उदाहरणार्थ एक्सजीबूस्टचं प्रशिक्षण, तर स्पार्क.टास्क.सीपीयूज वाढवा आणि लायब्ररीचे थ्रेड तेवढेच ठेवा.

तपासा: एक्झिक्युटरच्या कोअरला टास्कच्या सीपीयूनं पूर्ण भाग गेला पाहिजे. ५ कोअर आणि टास्कला २ म्हणजे दोनच टास्क, पाचवा कोअर रिकामा. मग एक्झिक्युटर ४ किंवा ६ कोअरचा करून पायरी २ पासून पुन्हा मोजा.

सावध: १ कोअरवरून ५ वर गेल्यावर जॉब वेगात चालतो, पण अधूनमधून तारखा चुकतात? जावा किंवा स्काला कोडमध्ये ऑब्जेक्टच्या पातळीवर ठेवलेला सिंपलडेटफॉरमॅट शोधा. तो थ्रेडसेफ नाही. एकच टास्क असताना त्याला हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं, आता पाच जण एकदम वापरताहेत. डेटटाइमफॉरमॅटर वापरा. दर वेळी एरर येईलच असं नाही, कधी नुसता चुकीचा आकडा येतो, म्हणून नवं सेटिंग लावल्यावर जुन्या आणि नव्या निकालाची बेरीज ताडून बघाच.

## पायरी ५: आता पार्टिशन

थ्रेड ४० आहेत, पण पार्टिशन ६ असतील तर ३४ जण हातावर हात ठेवून बसतात. तीन ठिकाणी बघायचं.

वाचताना. पार्केसारख्या फाइलचे स्पार्क साधारण १२८ एमबीचे तुकडे करतो, तिथं सहसा काही करावं लागत नाही. अडचण जीझिपची. मीटरचा रोजचा डेटा एका मोठ्या जीझिप केलेल्या सीएसव्हीत येत असेल तर ती फाइल फोडता येत नाही, एक फाइल म्हणजे एकच टास्क. वाचल्यावर लगेच रीपार्टिशन केलं तरी उलगडण्याचं काम एकाच थ्रेडवर होतं. पाठवणाऱ्याला तासागणिक वेगळी फाइल द्यायला सांगा. नाहीतर रात्री एकदा पार्केत बदलून ठेवा.

डेटाबेसमधून जेडीबीसीनं वाचताना पार्टिशनचा कॉलम, खालची-वरची मर्यादा आणि पार्टिशनची संख्या दिली नाही तर सगळं एका थ्रेडवर येतं. त्या मर्यादांनी ओळी गाळल्या जात नाहीत, फक्त वाटणी ठरते. आणि इथं चाळीसच्या चाळीस थ्रेड सोडायचा मोह आवरा. तेवढी कनेक्शनं समोरच्या डेटाबेसवर एकदम पडतात आणि दिवसा बिलिंग अडकलं की फोन तुम्हालाच येतो. ८ पासून सुरू करा.

शफलमध्ये. पहिल्या मोजमापातून सगळ्यात मोठ्या स्टेजचा शफल रीड काढा. समजा ४५ जीबी. प्रत्येकी १२८ एमबी धरले तर ३६० पार्टिशन. ३६० ÷ ४० = ९, म्हणजे नऊ पूर्ण फेऱ्या. चाळीसच्या पटीत ठेवण्याचं कारण शेवटच्या फेरीत आहे: ३७० ठेवले तर दहावी फेरी दहाच टास्कसाठी आणि तीस थ्रेड रिकामे. टास्क लहान आणि फेऱ्या पुष्कळ असतील तर हा फरक नगण्य, त्यासाठी डोकं खपवू नका. मूळचा २०० चा आकडा तुमचा डेटा बघून कुणी ठरवलेला नाही, एवढं ध्यानात असू द्या.

स्पार्क ३.२ पासून अॅडॅप्टिव्ह क्वेरी मूळचीच चालू असते. ती लहान पार्टिशन एकत्र करते, त्यामुळे आकडा थोडा जास्त ठेवला तर बिघडत नाही. कमी ठेवला तर ती सहसा वाढवून देत नाही. जॉइनमधलं एखादं पार्टिशन अवाढव्य असेल तर फोडते, पण ग्रुप बायमध्ये ही मदत मिळत नाही. ज्या मीटरचा फीडर कोड भरलेलाच नाही ते सगळे ‘नल’ (रिकाम्या किमती) एका टास्कवर गोळा होऊ शकतात, मग बाकीचे टास्क संपतात आणि तो एकटा तासभर चालतो. यावर थ्रेडचा कुठलाही आकडा लागू पडत नाही. ते मीटर आधी बाजूला काढून वेगळे मोजा.

लिहिताना. साहेबांना एकच सीएसव्ही हवी म्हणून शेवटी कोअलेस(१) लावलं जातं. कोअलेस शफल करत नाही, त्यामुळे आधीची अख्खी स्टेजच एका टास्कवर येते. ४० थ्रेडचं काम एक थ्रेड करत बसतो. तिथं रीपार्टिशन(१) लावा. एक शफल वाढतो, पण आधीचं गणित चाळीस थ्रेडवरच होतं.

## पायरी ६: सेटिंग एकाच जागी लिहा

एकच सेटिंग तीन ठिकाणी असेल तर कोडमधलं जिंकतं, त्याखाली सबमिटच्या आज्ञेतलं, सगळ्यात खाली डिफॉल्ट्सच्या फाइलमधलं. आज्ञेत कितीही बदल केले तरी फरक पडत नसेल तर कोडमध्ये कुणीतरी स्पार्ककॉन्फ लिहून ठेवलेलं आहे. एक्झिक्युटरचे कोअर आणि मेमरी कोडमधून काढून टाका आणि आज्ञेत ठेवा. आणि नोटबुकमध्ये सेशन चालू झाल्यावर हे दोन बदलत नाहीत. शफल पार्टिशन मात्र चालू सेशनमध्ये बदलता येतं.

तपासा: एन्व्हायर्नमेंटच्या टॅबवर विसंबू नका. चुकीच्या स्पेलिंगचं सेटिंगही तिथं ऐटीत दिसतं. एक्झिक्युटर्सच्या टॅबवर ड्रायव्हरची ओळ सोडून ८ ओळी, प्रत्येकीसमोर ५ कोअर दिसले तरच सेटिंग लागलं म्हणा.

## पायरी ७: चालवा, आणि एका वेळी एकच आकडा हलवा

लांब स्टेज उघडून इव्हेंट टाइमलाइन बघा. दाट पट्टे समान लांबीचे असतील तर वाटणी बरी आहे. मग हे पडताळा:

- एक्झिक्युटरच्या टॅबवर चालू टास्क सतत ५ पेक्षा कमी असतील तर पार्टिशन कमी आहेत किंवा ड्रायव्हरच काहीतरी करत बसलाय.
- जीसीचा वेळ टास्कच्या वेळेच्या १० टक्क्यांवर गेला की यूआय तो रकाना लाल करतो. एक्झिक्युटरचे कोअर ५ चे ४ करून बघा, हीप तोच ठेवा.
- कमाल वेळ मध्यकाच्या कितीतरी पट असेल तर तो स्क्यू (एकाच टास्कवर पडलेला जास्तीचा भार). पायरी ५ कडे परत.
- टास्क काही मिलिसेकंदांत संपत असतील तर पार्टिशन फार बारीक झाली आहेत. थ्रेडचा वेळ कामापेक्षा उठबशीत जातोय.
- स्पिल दिसतोय, पण जीसी ठीक आहे? आधी पार्टिशन वाढवा, मग मेमरी.

प्रत्येक बदलानंतर निदान दोनदा चालवा. पहिल्या वेळी फाइल डिस्कवरून येते, दुसऱ्या वेळी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून, आणि त्या फरकाचं श्रेय भलत्याच सेटिंगला मिळतं.

## क्लस्टर एकटं तुमचं नसेल तर

वरचे सगळे आकडे क्लस्टर रिकामं धरून काढले आहेत. रात्री १ वाजता मीटरचा जॉब आणि त्याच वेळी दुसऱ्या टीमचा जॉब सुरू होत असेल, तर रांगेत तुमच्या वाट्याला आलेले कोअर धरून पायरी २ पासून पुन्हा मोजा. एक्झिक्युटरची जाडी तीच ठेवा, संख्या कमी करा. डायनॅमिक अॅलोकेशन (गरजेनुसार एक्झिक्युटर वाढवणं-कमी करणं) चालू करत असाल तर कमाल एक्झिक्युटरचा आकडा जरूर घाला, कारण मूळ सेटिंगमध्ये त्याला मर्यादाच नाही. आणि शफलच्या फायली सांभाळायला शफल सर्व्हिस किंवा शफल ट्रॅकिंग यांपैकी एक चालू आहे ना, ते आधी बघा.

नवं मशीन जोडलं आणि त्यात १६ ऐवजी २४ कोअर असले, तर ५ कोअरचा एक्झिक्युटर तिथं चारदा बसतो आणि १ कोअर राखीव ठेवल्यावरही ३ उरतात. तेवढ्यासाठी सगळ्यांची जाडी बदलू नका. तीन कोअर वाया गेलेले परवडतात.